हळद लागलेला बिल्ला

८ सप्टेंबर

फिल्म शेवटी हिरवी आली. पोपटी नाही, शेवाळी नाही, हिरवी. अकरावी खेप. अमोनियाच्या बाटलीच्या तोंडाशी धरली तर आधी पिवळी, मग नारिंगी, मग लाल. बाजूला घेतली, थोड्या वेळात परत हिरवी. मी चार वेळा करून पाहिलं, लहान पोर पेटीचं झाकण उघड-बंद करतं तसं.

गाईड मॅडमना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, गुजरातीत "बहु सरस" म्हणाल्या आणि मिटिंगला गेल्या. पीएच.डी.ची दोन वर्षं होऊन गेली, एवढं कौतुक एका दमात पहिल्यांदाच. बसमध्ये घरी गोडादऱ्यापर्यंत उभी आले तरी पाय दुखले नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

घरी प्रदर्शन भरवलं. माय साडीला खडे चिकटवत बसली होती. म्हणाली, "काय शे हाई?"

म्हटलं, लिक्विड क्रिस्टल. टीव्हीच्या, मोबाईलच्या पडद्यात असतं ते. ना धड पाणी ना धड खडा. तिचाच एक खडा उचलून सांगितलं: ह्यात कण रांगेत घट्ट बसलेले, पाण्यात मोकाट. माझ्या फिल्ममधले रांग धरूनही वाहतात, आणि रांगा गोल जिन्यासारख्या पिळलेल्या. पीळ घट्ट झाला की निळा, सैल झाला की लाल. अमोनिया शिरला की पीळ सैल.

"मंग सरळ सांग ना, वास उना का रंग बदलस."

दोन वर्षांचा प्रबंध तिने एका ओळीत उरकला.

मग कापसाच्या बोळ्यावर अमोनियाचा एक थेंब टाकला. मायने झटकन नाकाला पदर लावला. नाना, माझे वडील, समोरच बसलेले. त्यांनी मायकडे पाहिलं आणि मग खिशातून रुमाल काढला.

एवढंच झालं. पण त्यांनी आधी मायकडे पाहिलं. हे लिहिताना परत परत तेच दिसतंय.

१६ सप्टेंबर

माय खाली पाण्याच्या टँकरवर. मी अंघोळीला. नाना ओट्यापासून चार हातांवर मोबाईलवर बातम्या बघत होते. बाहेर आले तर दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं. वास जिन्यापर्यंत. नाना शांत.

माय वर यायच्या आत पातेलं घासलं. 

१९ सप्टेंबर

विचारलं. सरळच. ते कामावर निघताना, जिन्यात, मायला ऐकू जाणार नाही असं.

"नाना, तुम्हाला वास येत नाही ना?"

बराच वेळ चपलेचा पट्टा लावत बसले. मग म्हणाले, "दोन वरीस व्हई ग्यात. कोनले सांगू नको."

नाना पांडेसऱ्याच्या एका कापडाच्या मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं कलर किचनमध्ये आहेत. किचन म्हणजे छपाईच्या रंगाची लापशी घोटायची खोली. लापशी घट्ट व्हायला अमोनिया घालतात. निळ्या कारब्यांतून येतो, वीस-वीस लिटरचे प्लास्टिकचे कॅन. बूच सैल राहिलं, कारबा चिरला, तर सगळ्यात आधी नाकाला कळतं. नाना तिथले मुख्य. रंगाची शेड त्यांच्याइतकी कोणाला जुळत नाही.

विचारलं, मग दोन वर्षं कसं चालवलं? म्हणाले, शेजारी भास्करकाका असतात. त्यांनी गमछा नाकाला लावला की मी लावतो. ते बाहेर गेले की मी बाहेर.

"आणि डोळे?"

"डोया झोंबतस. पण तवलोंग उशीर व्हई जास."

मला रडू आलं. त्यांना वाटलं रागावले. डोक्यावर हात ठेवून निघून गेले, बस चुकेल म्हणून.

२२ सप्टेंबर

ठरवलं. बिल्ला करायचा. फिल्म काळ्या पट्टीवर, वर जाळी, मागे पिन. शर्टाच्या खिशावर लावायचा. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बाहेर.

मॅडमना नानांच्या नाकाचं सांगितलं नाही. "खऱ्या मिलमध्ये चाचणी" एवढंच म्हटलं. त्यांचे डोळे चमकले. सतरा ऑक्टोबरच्या परिसंवादात हेच मांड म्हणाल्या. संमतीपत्र घ्यायला लावलं. नानांनी सही केली, मिलच्या कागदांवर करतात तशी, एक अक्षर न वाचता.

२४ सप्टेंबर

बिल्ला लागला. नानांनी पहिल्याच दिवशी चूक काढली. "तिरपं दखं ते निळं दिसस. समोरथीन हिरवं." खरं आहे, ह्या फिल्म्सचा तो गुणच आहे, कोन बदलला की रंग सरकतो. माझ्या लक्षात असायला हवं होतं. त्यांनी स्वतःच तोडगा काढला: खिशावर उलटा लावायचा, म्हणजे उचलून समोर धरला की सरळ. शेड बघताना कापड धरतात तस्सा.

संध्याकाळी विचारलं. "हिरवं."

२७ सप्टेंबर

भास्करकाका गावी गेले, अमळनेरकडे. कापूस वेचायला आला, आणि पोरीचं लग्न ठरायचंय. दिवाळीनंतरच येणार. म्हणजे आता किचनमध्ये नाना एकटे. बघायला तोंडच नाही शेजारी.

दुसरा माणूस मागून घ्या म्हटलं. नाना मात्र बिल्ल्यावर टिचकी मारून म्हणाले, "हाऊ शे ना मन्हा भास्कर."

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी हत्यारांची पूजा. पाटावर नानांची शेड कापायची कात्री, मायचा खडे उचलायचा चिमटा, माझा लॅपटॉप आणि बिल्ला. मायने सगळ्यांना हळदीचं बोट लावलं. लॅपटॉपवर लावू नको म्हणेपर्यंत लावून झालं. बिल्ल्यावर फिल्मच्या अगदी कडेला, जाळीखाली, पिवळा ठिपका. पुसायला गेले तर माय म्हणाली, आजच्या दिवशी पुसतात का कुठे. नानांनी माझ्याकडे पाहून डोळा मारला.

ठीक आहे. फिल्म वाचली. संध्याकाळी भांडणाशिवाय श्रीखंड.

५ ऑक्टोबर

रोज हिरवं. मिलला सुट्टी होती ते दिवस सोडले तर एकदाही लाल नाही. मॅडमना फोनवर तक्ता पाठवला. "एक पण खोटा अलार्म नथी?" एकही नाही, म्हटलं. स्लाइडवर मोठ्या अक्षरांत टाक म्हणाल्या. टाकलं. खाली किचनचा फोटो हवा होता, नानांनी मोबाईलवर काढून आणला. त्यात भिंतीवर वाफेच्या नळ्या, कोपऱ्यात निळे कारबे, आणि त्यांचा अंगठा.

मला गर्व झाला होता. लिहून ठेवते, कारण पुढे कधी वाचलं तर कळावं की झाला होता.

८ ऑक्टोबर

नाना आज डोळे लाल घेऊन आले. म्हणाले, धूळ. मायने त्रिफळ्याच्या पाण्याने धुतले.

बिल्ला विचारला. हिरवा. मग जेवताना, भाकरी मोडता मोडता, सहज:

"तुन्हं पान हिरवंच व्हतं. पण ती हयद लाल व्हयेल व्हती."

म्हटलं, कुंकू असेल. दसऱ्याला हळदीबरोबर कुंकू लावतातच. घामाने पसरलं असेल.  मी बिल्ला उचलून पाहिला: पिवळाच ठिपका. लाल कुठे आहे? त्यांची नजरही आता गेली की काय, असा एक वाईट विचार आला. आला तो आला.

१० ऑक्टोबर

माय आज खडे चिकटवताना आपणहून म्हणाली, "कुंकू नही लायं मी. करंडामा व्हतंच नही, संपेल व्हतं."

मी चहा अर्धा टाकून उठले.

नानांना परत विचारलं, नीट, लाल म्हणजे कसा लाल. अठ्ठावीस वर्षांच्या रंगाऱ्याला हा प्रश्न विचारायला मी दोन दिवस उशीर केला. ते म्हणाले, कुंकवाचा नाही. साडीवर वरणाचा डाग पडतो आणि वर साबण लागतो, तो विटकरी लाल. खोलीबाहेर आले की हळूहळू परत पिवळा.

साबण. सोडा. चुना. अमोनियासुद्धा त्याच जातीचा. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते हे आमच्या घरात धुणं धुणारी प्रत्येक बाई जाणते. मीही लहानपणापासून पाहिलंय. आणि मी कुंकू म्हणाले.

म्हणजे त्या दिवशी खोलीत अमोनिया होता. हळदीला कळला. नानांच्या डोळ्यांना कळला. माझ्या फिल्मला कळला नाही.

११ ऑक्टोबर

शनिवार असून प्रयोगशाळा उघडायला लावली. घरून पुडीत हळद नेली होती, वॉचमनने प्रसाद समजून हात पुढे केला.

एसीत, नेहमीसारखं: फिल्म लाल, ओली हळद लाल. दोघी शहाण्या.

मग तापत्या पट्टीवर ठेवून गरम केलं, नानांच्या किचनमध्ये असतं तेवढं. फिल्म निळी झाली. तेव्हाच कळलं, पण तरी अमोनिया सोडला. निळी हळूहळू सरकत हिरवी झाली आणि तिथेच थांबली. सुंदर, स्वच्छ हिरवी. शेजारी हळद विटकरी.

उष्णता पीळ घट्ट करते, अमोनिया सैल करतो. दोघांची ओढाताण बरोबरीत सुटली की मधला रंग. हिरवा. ठीकवाला. मी सगळी मोजमापं एसीत केली. वाफेच्या नळ्यांचा फोटो माझ्याच स्लाइडवर आहे आणि मला एकदाही सुचलं नाही. एरवी तिथे ती निळी दिसत असणार, नाना तिरपं धरल्याचा निळा समजले असणार, आणि मी विचारायचे फक्त हिरवं की लाल.

म्हणजे खोटा अलार्म एकही नाही, कारण खराही नाही. मी माझ्या बापाला एकट्याला त्या खोलीत पाठवलं आणि छातीवर लावून दिलं की सगळं ठीक आहे.

बाथरूममध्ये जाऊन रडले. मग नानांना फोन केला, फिल्मच्या रंगावर जाऊ नका म्हटलं. "काबरं?" म्हणाले. घरी सांगते म्हटलं. दार उघडं ठेवा आणि हळदीकडे बघत राहा. हसले. त्यांना वाटलं गंमत करतेय.

१२ ऑक्टोबर, रविवार

घरात सगळं सांगितलं. मायलाही, नाकासकट. मी कबूल केलेलं मोडलं. नाना भिंतीकडे तोंड करून बसले.

माय ओरडेल वाटलं होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, दोन वर्षं मी रोज विचारते भाजी कशी झाली, तुम्ही म्हणता झकास. एवढंच बोलून साडी पुढे ओढली. पण खडे चिकटेनात तिचे.

म्हटलं, नाना, मिलमध्ये सांगा. ते म्हणाले, सांगितलं की उद्यापासून कोऱ्या कापडाच्या घड्या घालायला बसवतील. तिथे रंगच नाही, सगळं पांढरं.

"रंगमाईन काढं ते मी काय करसू?"

 

संध्याकाळी मात्र आपणच जवळ आले. फिल्म हातात घेऊन खिडकीपाशी उभे राहिले, तिरपी, सरळ. म्हणाले, तुझी चूक गरमीची नाही.

"एकला रंग कधी दखानं नही. बाजूले नमुना लागस."

शेड जुळवताना ते कधी नुसता कपडा बघत नाहीत. पसंत केलेल्या नमुन्याचा तुकडा शेजारी धरतात. उजेड पिवळा असो, पांढरा असो, सकाळ असो, संध्याकाळ. उजेड दोघांवर सारखाच पडतो. फरक उरला तर तो रंगाचा.

मी वहीत दोन चौकोन काढले. दोन फिल्म. एकाच खेपेतल्या. एक उघडी, एक काचेखाली पक्की बंद. गरमी दोघींना सारखी लागेल, दोघी बरोबरीने निळ्या होतील. गॅस फक्त उघडीला. सारख्या असल्या तर ठीक, वेगळ्या दिसल्या की बाहेर. हिरवा-लाल लक्षातच ठेवायचं नाही.

"अशी दोन लावली तर तुम्हाला फरक कळेल?" मी विचारलं आणि विचारताच लाज वाटली.

"हाई ते मन्हं रोजनं काम शे."

१३ ऑक्टोबर

मॅडमना सांगितलं. स्लाइड खोटी आहे, माझी चाचणी चुकली, आणि मिलमधला माणूस माझे वडील आहेत, त्यांना वास येत नाही. एका दमात. थांबले असते तर बोलता आलं नसतं.

त्या पेन फिरवत राहिल्या. मी मनात सामान आवरायला घेतलं होतं. मग म्हणाल्या, "मम्मीने पूछ, हळदर केटली नाखी हती." आईला विचार, हळद किती घातली होती: गंमत की काय, मला आधी कळलंच नाही. त्या गंभीर होत्या. वहीत हळदीचा रकाना पाड म्हणाल्या, सगळं मांड, चूक पहिल्या स्लाइडवर. मग खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "आधी वडिलांचा बिल्ला कर. भाषण गेलं खड्ड्यात." हे मात्र शुद्ध मराठीत. इतकी वर्षं आम्ही मराठी पोरं काय बोलतो ते बाईंना कळत होतं म्हणजे.

आठवडाभर नानांनी रजा टाकावी असं म्हटलं. दिवाळीच्या तोंडावर रजा? मिलमध्ये माल तुंबलाय. नाही म्हणाले. खोलीचा पंखा आणि दार, एवढं मान्य केलं.

१५ ऑक्टोबर

जोड-बिल्ला झाला. तापवला: दोन्ही निळ्या, जुळ्या बहिणी. अमोनिया सोडला: उघडी हिरवी, बंद निळी. थंड केला, परत सोडला: उघडी लाल, बंद हिरवी. प्रत्येक वेळी फरक उघड. काचेच्या कडेतून थोडी गळती आहे, फार दिवस टिकणार नाही. आठवडा टिकला तरी पुरे. आठ वेळा करून पाहिलं. ह्या वेळी पोरखेळ नव्हता.

संध्याकाळी नानांना प्रयोगशाळेत बोलावून परीक्षा घेतली. मी बाटली आडोशाला ठेवली, थेंब कधी टाकला ते सांगितलं नाही. मला फरक दिसायच्या आधी ते म्हणाले, "फिरनं." रंग मोजायच्या यंत्राने त्यानंतर सांगितलं.

घरी मायने न विचारता कडेला हळदीचं बोट लावलं. मी पुसलं नाही.

१६ ऑक्टोबर

नाना आजपासून नवा बिल्ला लावून. दिवसभरात तीनदा फोन केला मी. "सारखं शे." "सारखं शे." तिसऱ्यांदा: "काम करू दे व बाई."

निघताना जिन्यात म्हटलं होतं, वेगळं दिसलं तर क्षणभर थांबायचं नाही. आणि बाहेर आल्यावर कुणी विचारलं तर? हे दोघांनीही काढलं नाही.

१७ ऑक्टोबर

परिसंवाद झाला. पहिली स्लाइड: "माझा बिल्ला खोटं बोलत होता."  मग हळदीवर हशा, मग प्रश्नच प्रश्न. एका पाहुण्यांनी विचारलं, शेजारी नमुना ठेवायची कल्पना कुठून आली. म्हटलं, एका रंगाऱ्याकडून. मॅडम पहिल्या रांगेत मान डोलावत होत्या.

जेवणाच्या सुट्टीत फोन. नाना. ते कामावरून कधीच फोन करत नाहीत.

"दोन्ही एक नहीत. मी बाहेर यी गऊ."

 एकामागून एक विचारलं. डोळे? डोळे ठीक. खोकला? नाही. कारबा? माहीत नाही, पाहायला थांबलो नाही. शाब्बास नाना, म्हटलं. बापाला शाब्बास म्हणायची ही पहिलीच वेळ.

मग आवाज खाली आणून म्हणाले, छपाई थांबलीये. मास्टर आलाय, छपाई खात्याचा साहेब. तो दारापर्यंत जाऊन आला, त्याला अजून कसलाच वास लागलेला नाही. विचारतोय, वास आला का तुला, कशावरून बाहेर आलास.

"काय सांगू?"

मला खूप गोष्टी म्हणायच्या होत्या.  रविवारी मी त्यांचं गुपित त्यांना न विचारता फोडलं होतं. हे त्यांचं होतं. मी फक्त म्हटलं, "नाना, मी आहे फोनवर."

मागे यंत्रांची घरघर. कोणीतरी हाक मारली. मग नानांचा मिलमधला आवाज, हिंदीतला, जो घरी कधी ऐकू येत नाही:

"मास्टरजी, एक बात बतानी है. दो साल से..."

आणि फोन कट.

आता सव्वादोन. दोनदा लावला, उचलत नाहीत. मायला अजून कळवलेलं नाही. मॅडम रिक्षा थांबवून खाली उभ्या आहेत, पांडेसऱ्याला मिलमध्ये सोबत येते म्हणतात.